सायकलवरचा आळ

“सायकल दामटून दामटून छाती फाटली म्हणं पोरीची.”

शेजारच्या मावशी आमच्या ओट्यावर चपला काढता काढता हे सोबतच्या बाईला सांगत होत्या. मी आतल्या खोलीत, दारामागच्या पलंगावर पडले होते. तोंडावर मास्क, उशाशी थुंकीची झाकणाची डबी. दवाखान्यातून लातूरच्या घरी येऊन तीन दिवस झाले होते.

मला वाटलं, आई त्यांना थांबवेल. आई म्हणाली, “हाव ना. तिकडं बर्फाच्या डोंगरात एकटीच गेलती. थंड हवा बसली छातीत. निमोनिया म्हणले डॉक्टर.”

“एकटी? बाई बाई! आन् तुमी जाऊ दिलं?”

“आमाला सांगून गेली असती तर जाऊ दिलं असतं का?”

या सगळ्यात हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. मला निमोनिया नव्हता, क्षयरोग होता. फुप्फुसांचा, थुंकीत जंतू सापडलेला. सायकलचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. त्या दुपारी आईनं सायकलवर आळ घेतला आणि मी दारामागं पडून तो घेऊ दिला.

मी लहानपणापासून कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं हिला मराठी नीट येत नसेल, असं नातेवाइकांना वाटायचं. तसं नव्हतं. गप्प राहिलं की पुढचं कुणी विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं, इतकंच.

गोळ्या संपून आता वर्ष झालं. मी बरी आहे. माझी काकू नाही. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि ज्या भागात मी वाईट दिसते तो भाग गाळणार नाही.

*

काका वारले तेव्हा काकूला सोबत म्हणून मला नांदेडला पाठवलं. काकूला मूलबाळ नव्हतं. माझं काम घरूनच चालायचं, पुण्याच्या एका कंपनीचा इंग्रजी मजकूर तपासायचं, त्यामुळं मी कुठंही राहिले तरी चालत होतं. काकूचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. तिथं ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. मागच्या खोलीत आम्ही दोघी झोपायचो. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि डासांमुळं ती कायम बंद असायची.

सायकल मी नांदेडला आल्यावर घेतली. वापरलेली, जाड टायरची, पुढच्या चाकाला शॉकअप असलेली. काकूनं ती बाहेर ठेवू दिली नाही. “चपला ऱ्हाऊ दे भाईर, ही आत घे,” म्हणाली. जुन्या साडीचं फडकं घेऊन तीच चेन पुसायची आणि मग काळे हात मला दाखवत म्हणायची, “बग, मेकॅनिक झाले मी.”

रोज पहाटे मुदखेडपर्यंत जाऊन यायचं. रविवारी देगलूरच्या रस्त्यानं लांब. तिकडं एक चहावाला मला तेलुगूत काहीतरी विचारायचा, मी मान हलवायची, आणि दोघांचंही भागायचं.

वर्षभरानं मी काकूला सांगितलं, मला हिमालयात जायचंय, स्पितीला, सायकलवर, एकटीला.

“एवढं लांब कामून?”

“तिथं कुणाशी बोलावं लागत नाही.”

काकू हसली. “आन् इथं तू लई बोलून राहिली व्हय?”

तिनं दोन दिवस विचार केला. मग लातूरला फोन करून माझ्या वडलांना, अप्पांना, सांगितलं की कंपनीनं पोरीला महिनाभर पुण्याला ट्रेनिंगला बोलावलंय. माझ्यासमोर, न अडखळता. फोन ठेवून मला म्हणाली, “जा. पण रोज एक शब्द टाकत जा. ‘पोचले’ एवढाच. जास्त नकू.”

निघण्याच्या आधी पंधरा दिवस मला खोकला होता. रस्त्याच्या धुळीचा असेल, असं मी धरून चालले.

*

सप्टेंबरात शिमल्याहून निघाले. पहिले काही दिवस सतलज नदी सोबत होती, सफरचंदाच्या बागा होत्या, देवदार होते. मग झाडं विरळ झाली आणि एका वळणानंतर संपलीच. वाळवंट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं वाळू यायची. तिथं वाळू नव्हती. पाऊस कधी पडलाच नाही असे राखेच्या रंगाचे डोंगर, त्यांच्या अंगावरून सतत घरंगळणारे बारीक दगड, आणि खूप खाली नदी. माणसाचा आवाज नाही. माझ्याच टायरखाली खडी करकरायची तेवढीच.

मी तिथं खूप सुखात होते. हे आधी सांगते, कारण नंतर सगळ्यांनी त्या प्रवासाला शिव्या दिल्या. एका दिवसात तीन माणसं भेटायची. रस्ता दुरुस्त करणारी, मेंढ्या नेणारी. ती हात हलवायची, मी हलवायची. चढावर सगळ्यांत हलका गिअर टाकून माणूस चालेल त्याहून हळू जायचं. उतारावर ब्रेक धरून बोटं बधिर व्हायची. संध्याकाळी एखाद्या घरी खोली मिळायची. गरम भात, डाळ, जाड रजई. नेटवर्क असेल तिथून काकूला ‘पोचले’.

खोकला मात्र सोबतच होता. नाकोच्या चढावर शंभर पायडल मारून थांबायचं, खोकायचं, पुन्हा शंभर. मी ते उंचीच्या नावावर टाकलं. दुपारनंतर अंगात कणकण यायची, ती उन्हाच्या नावावर. ताबोमध्ये मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाई मला चहा देताना थांबल्या, माझं खोकणं पूर्ण होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ये खाँसी यहाँ की नहीं है. साथ लाई हो.”

मी हसले. मला ते आवडलं नव्हतं.

काझाच्या पुढं लोसर, आणि लोसरच्या पुढं कुंझुमची खिंड. पंधरा हजार फुटांच्या आसपास. तो चढ चढायला मला सगळा दिवस लागला. शेवटचा बराच रस्ता मी सायकल ढकलत गेले. वर पोचले तेव्हा वारा इतका होता की तिथल्या प्रार्थनेच्या पताका कापड फाटल्यासारख्या वाजत होत्या. समोर बर्फाची शिखरं एका रांगेत. मी सायकलला टेकून बसले आणि रडले, आनंदानं. मग जोरात खोकला आला. गळ्यातला रुमाल तोंडावर धरला. रुमालावर गुलाबी फेस होता.

कोरड्या हवेनं नाकातून रक्त येतं असं वाचलेलं होतं. मी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

तिथून दोन दिवस नेटवर्क नव्हतं. खाली बातलला पोचल्यावर अंगात ताकदच उरली नाही. एका पिकअपवाल्यानं मला सायकलसकट मनालीत आणून सोडलं. फोन सुरू झाल्यावर काकूचे अकरा कॉल दिसले आणि एक मेसेज, “अगं जित्ती हाईस का?” मी लिहिलं, “पोचले.” रुमालाबद्दल लिहिलं नाही.

परत आल्यावर सहा आठवडे मी काकूशेजारी, त्याच बंद खिडकीच्या खोलीत खोकत झोपले. ती ओव्याचा काढा करायची, माझी पाठ चोळायची. “दवाखान्यात चल,” असं रोज म्हणायची. मी म्हणायची, “धूळ आहे काकू, जाईल.”

*

दिवाळीला लातूरला गेले आणि फराळ करताना ताटात रक्त पडलं. प्रवासाचंही तेव्हाच सगळं बाहेर आलं.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, थुंकी तपासून घेतली. रिपोर्टच्या दिवशी आई माझ्यासोबत होती. डॉक्टर सभ्य होते. माझं एक इंग्रजी वाक्य ऐकून त्यांनीही इंग्रजी सुरू केलं, आणि पुढचं सगळं आमच्या दोघांतच झालं. आई शेजारच्या खुर्चीवर बसून कधी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, कधी माझ्या. डॉक्टर शेवटी म्हणाले की गेल्या तीन महिन्यांत ज्या ज्या माणसांबरोबर मी एका खोलीत राहिले, त्या प्रत्येकाची तपासणी करायची. उशीर करायचा नाही.

बाहेर व्हरांड्यात आईनं विचारलं, “काय म्हणले?”

मी म्हणाले, “टीबी आहे. सहा महिने गोळ्या. बरा होतो.”

बाकीचं मी सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. तेवढ्यात आईनं विचारलं, “उदगीरला कळंल का?”

उदगीरहून लोक आठच दिवसांपूर्वी अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, बघून गेले होते. पसंती जवळजवळ झाली होती. हे स्थळ काकूनं आणलं होतं. काकूचं माहेर उदगीरचं, त्याच गल्लीतलं. अक्काला त्याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता आणि ती दर वेळी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. आम्हाला सगळ्यांना तो नळाचा आवाज माहीत होता.

“काकूला सांगू नकू,” आई म्हणाली. “तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तिला सांगितलं म्हंजे उदगीरला दवंडी पिटली.”

काकूच्या पोटात दोन-अडीच महिने माझा अख्खा प्रवास राहिला होता. मला ते माहीत होतं. मी मान हलवली.

*

रक्त थांबेपर्यंत पाच दिवस वॉर्डात ठेवलं. सकाळी सहाला झाडूवाली यायची, मग थुंकीच्या डब्या गोळा करायला कुणीतरी, मग सिस्टर गोळ्या घेऊन. रिकाम्या पोटी मूठभर गोळ्या. तासाभरानं मळमळ. दुपारी अप्पा मास्क लावून दारातच उभे राहायचे आणि वीस वेळा विचारलेलं एकविसाव्या वेळी विचारायचे, “जेवलीस?”

शेजारच्या खाटेवर किल्लारीच्या गयाबाई होत्या. पहिल्या सकाळी लघवी लालभडक झालेली बघून मी घाबरून पांढरी पडले. सिस्टरला विचारायची लाज वाटत होती. गयाबाईंनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

“लाल झाली ना? गोळीचा रंग हाय त्यो. लागू पडली म्हणायची.”

मला वाटतं, त्या आजारात मला मिळालेला तो सगळ्यांत मोठा दिलासा होता.

दुसऱ्या दिवशी आई कुणालातरी फोनवर ‘निमोनिया’ सांगत होती. ती गेल्यावर गयाबाई म्हणाल्या, “तुला बी टीबीच हाय की गं. निमोनिया कामून सांगून राहिली तुझी माय?”

मी थुंकीच्या डबीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

“मी तर गावभर सांगितलं. त्या दिवसापासून शेजारीण साखर मागायला येईना. लई बरं झालं!” आणि स्वतःच इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. मग शांत झाल्यावर म्हणाल्या, “माझ्या दोन नातवांला बी तपासलं. एकाला निघाला. बारका हाय, पण खेळून राहिला आता. कळलं म्हणून.”

मी भिंतीकडं तोंड केलं.

*

घरी आल्यावर आरोग्यसेविका आल्या. आईनं त्यांना आधीच फोन करून विनंती केली होती की मैत्रीण म्हणून या. त्या बिचाऱ्या तशा आल्या, खांद्याला साधी पर्स. चहा पिऊन त्यांनी पर्समधून फॉर्म काढला.

“घरात किती माणसं?”

“चार,” आई म्हणाली. “एका चुलीवर चार.”

आमच्याकडं घर असंच मोजतात. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या की ते घर वेगळं. लग्नपत्रिका वेगळी, आहेर वेगळा, जेवणाचं आमंत्रण वेगळं. अप्पा आणि काका वेगळे होऊन वीस वर्षं झाली होती. आई खोटं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही. तिच्या मोजणीत काकू आमच्या घरात बसतच नव्हती.

सेविकांनी चार नावं लिहिली. मग विचारलं, “अजून कुणी? सोबत झोपणारं, येणंजाणं असणारं? तुम्ही मधे कुठं राहायला होता का?”

आईनं माझ्याकडं बघितलं. फॉर्म माझ्या बाजूनं उलटा होता, तरी मला दिसत होतं की पाचवी ओळ कोरी आहे. तिथं कुणाचं नाव पाहिजे ते त्या घरात फक्त मलाच पूर्ण माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले तेही फक्त मलाच माहीत होतं.

मी म्हणाले, “नाही.”

आई, अप्पा आणि अक्काचे एक्स-रे निघाले. तिघंही स्वच्छ. मला हायसं वाटलं. ते वाटलं, याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

*

काकू दर पंधरा दिवसांनी नांदेडहून एसटीनं यायची. माझ्यासाठी डिंकाचे लाडू, मऊ कापडाचे दोन नवे गाऊन. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच आईचे दोन्ही हात धरले.

“मीच धाडलं हिला. खोटं बोलले मी तुमच्याशी. माझ्यापायी पोरीची छाती गेली.”

आई काहीतरी पुटपुटली. मी पलंगावर होते. काकूनं माझ्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, “चांगली होस्तोवर माझे सोमवार निरंकार.” तिला साखरेचा आजार होता. सोमवारी ती पाणीसुद्धा घेणार नव्हती.

“नको काकू,” एवढंच मी म्हणाले. ती माझा आजार स्वतःच्या अंगावर घेत होती आणि मी तिला घेऊ देत होते.

डिसेंबरात अक्काचं ठरलं. लग्न मे महिन्यातलं. अक्का घरात गुणगुणायला लागली होती. मी मनाशी हिशेब केला की मेपर्यंत माझ्या गोळ्या संपतील, लग्न होईल, मग काकूला सांगता येईल. तोवर तिला काही होणार नाही, असं मी कशावरून धरलं होतं कुणास ठाऊक.

फेब्रुवारीत ती फोनवर खोकायला लागली. “कापडाची धूळ,” म्हणाली. मार्चमध्ये मी माझं उरलेलं सामान आणायला नांदेडला गेले. काकूनं स्वतःच शिवलेलं ब्लाउज तिच्या खांद्यावरून घसरत होतं. “साखरेनं वाळले गं,” ती म्हणाली.

मीच तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. मनात होतं की एक्स-रे निघेल, आपोआप कळेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. डॉक्टरांनी दमा असेल म्हणून फवारा लिहून दिला, एक्स-रेही लिहून दिला.

एक्स-रेच्या दारात तिथल्या माणसानं सांगितलं, “गळ्यातलं सगळं काढून बाहेर ठेवा.”

काकूच्या गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं, छातीच्या बरोबर मधोमध. लग्नाच्याही आधीपासून ते तिच्या अंगावरून एक क्षण उतरलं नव्हतं. रोज सकाळी ती ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा छातीशी ठेवायची. अंगापासून वेगळं करायचं नसतं.

“ते काढत न्हाईत भाऊ,” ती म्हणाली.

“मग फोटो नीट येणार नाही. बघा तुम्ही.”

काकू माझ्याकडं वळली. तिच्या कपाळावर घाम होता. “काढायलाच पाहिजे का गं? दमाच हाय ना? तू शिकलेली हाईस, तू सांग. तू म्हणशील तर काढते.”

ती म्हणाली होती, मी म्हणेन तर काढते. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण ‘हो’ म्हटल्यावर ती ‘का’ विचारणार होती.

“असू दे काकू,” मी म्हणाले. “दमाच असेल.”

तिच्या तोंडावर केवढी सुटका दिसली! एक्स-रे न काढताच आम्ही बाहेर आलो, आणि तिनं मला उसाचा रस पाजला.

*

एप्रिलच्या शेवटी शेजाऱ्यांनी तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. ती मशीनवरच कोसळली होती. लग्न दहा दिवसांवर.

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकते. काकू त्यानंतर एकोणीस दिवस जगली. दोन्ही फुप्फुसं फार खराब झाली होती, साखर आटोक्यात येत नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. दोन महिने आधी आली असती तर, असं एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले आणि थांबले. ती लिंगैक्य झाली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणं तिला बसवून माती दिली, लिंग तळहातावर. माझ्या गोळ्यांचं शेवटचं पाकीट त्याच आठवड्यात संपलं. सेविकांनी माझं अभिनंदन केलं.

अक्काचं लग्न मोडलं नाही. ठरल्या दिवशी झालं, वाजंत्रीशिवाय. मी खरं सांगितल्यावर तिच्या होणाऱ्या सासूबाई वॉर्डातून उठून बाहेर गेल्या, तेव्हा आई भिंतीला टेकून खालीच बसली होती. थोड्या वेळानं त्या पाण्याची बाटली घेऊन परत आल्या. आईला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आमच्या ह्यांला बी झालता, लग्नाच्या आदी. तुमच्या जाऊबाईला ठाऊक हाय की. तिनं कधी कुठं तोंडातून काढलं न्हाई.”

म्हणजे ज्या काकूच्या पोटात काही राहत नाही म्हणून आम्ही तिला सांगितलं नाही, तिनं त्या घराची हीच गोष्ट तीसेक वर्षं सांभाळली होती. हे ऐकून आई कशी रडली ते मी लिहिणार नाही. ती अजूनही माझ्याशी त्याबद्दल बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिला अर्धंच माहीत होतं. अर्धं मी माझ्याजवळ ठेवलं होतं.

तुमच्या घरात कुणाची यादी करायची वेळ आली तर चूल मोजू नका. तुमच्या शेजारी कोण झोपत होतं ते आठवा. ज्यांना गळ्यातलं काढून ठेवता येत नाही त्यांना दुसरा रस्ता असतो, तोही विचारा. मला तो त्या मोठ्या दवाखान्यात कळला. तिथल्या वयस्क सिस्टर काकूच्या गळ्यातला दोरा बघून म्हणाल्या, “हातात धरा आजी, घट्ट. मूठ कमरेला लावा. झालं.” दहा सेकंदांत एक्स-रे निघाला. अंगापासून काही वेगळं करावं लागलं नाही.

त्या एक्स-रेनंतर डॉक्टर वॉर्डात आले. काकू उशीला टेकून बसली होती, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पायाशी आई. खिडकीजवळ अक्काच्या सासूबाई, मांडीवर फळांची पिशवी. काकू त्यांच्या गल्लीतली, म्हणून उदगीरहून बघायला आल्या होत्या. मी खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभी होते. डॉक्टरांनी या वेळी सरळ मराठीत विचारलं, “यांच्या सहवासात कुणाला टीबी झाला होता का? घरात, नात्यात?”

“न्हाई हो,” आई लगेच म्हणाली. “आमच्यात कुणालाच न्हाई.”

काकूनं मास्क बाजूला केला. तिला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

“मी एकटीच ऱ्हाते, डॉक्टर. ही पोरगी होती तेवढी. तिला बर्फातला निमोनिया झालता. माझ्यामुळं. मीच धाडलं होतं तिला.”

डॉक्टर लिहायला लागले. मी कडेवरचा हात काढला, पुढं झाले आणि तिला उत्तर देता येऊ नये म्हणून तिचा मास्क पुन्हा नीट बसवला. मग म्हणाले:

“काकू, निमोनिया नव्हता. टीबी होता. मी तुझ्याजवळ झोपत होते तेव्हाच होता. मला जे झालं ते तू धाडलंस म्हणून नाही. तुला माझ्यामुळं झालंय, आणि मला हे दिवाळीपासून माहीत होतं.”